दोन पौंडांचं भांडण

ऑटोमोटिव्ह चौकात सकाळी सहाला
गुलाब टेकाम कॉम्प्रेसर सुरू करतो
आणि अख्ख्या चौकाला खोकल्याची उबळ येते.
"किती टाकू?"
बाकीचे म्हणतात, टाक अंदाजानं.
मी आकडा सांगतो :
समोर अठ्ठावीस, मांगं बत्तीस.
तो माझ्याकडे पाहतो,
आजार वाचून आलेल्या पेशंटकडे
डॉक्टर पाहतो तसा.

"हवा टायर गार असताना मोजायची," मी म्हणतो.
"गार? इथं?"
खरंच आहे. मे महिन्यात इथलं डांबर
पहाटेसुद्धा कालचंच ऊन चघळत असतं.
कामठी रोडनं चाळीस मिनिटं गाडी पळवली
की आतली हवा आपसूक तीन-चार पौंडांनी फुगते,
नव्यानं साहेब झालेल्या मेहुण्यासारखी.
तेव्हा ती सोडायची नाही. फुगू द्यायची.
सकाळचाच आकडा खरा धरायचा.

हे मला हेमराज निनाव्यानं शिकवलं.
बिनाकीत त्याच्या घरी बापाच्या वेळचा माग,
मागाच्या बाजूला उंच चाकांची गाडी,
आणि दोन्हींवर तेच ग्रीसचे हात.
तो ताण्याच्या धाग्याला बोट लावून सांगायचा
किती ओढलाय.
टायरलाही तसंच बोट लावायचा,
मग गेज लावायचा,
आणि बोटाचंच ऐकायचा.

डांबर संपतं तिथं एक बाभूळ आहे.
त्याच्या पुढे मुरूम, मग गोटे, मग कन्हानची रेती.
आम्ही गाड्या उभ्या करायचो,
व्हॉल्व्हची टोपी दातांत,
काडीनं पिन दाबलेली,
फुस्स...
शिळ्या रबराचा वास नाकावर.
अठरा, तो म्हणायचा.
वीस, मी म्हणायचो.

अकरा वर्षं.

त्याचं म्हणणं, रेतीत टायरनं पाय पसरला पाहिजे
म्हशीनं चिखलात पसरावा तसा.
माझं म्हणणं, रेतीच्या आधी गोटे आहेत,
रिम ट्यूबला चावेल,
दोन भोकं, शेजारी शेजारी, सापाच्या दातांसारखी.
एकदा त्याची ट्यूब तशीच चावली गेली
आणि चार किलोमीटर गाडी ढकलत
तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही.
एकदा मी एक्सलपर्यंत रेतीत बसलो.
तेव्हा मात्र तो खूप बोलला.

(काळ्या मातीत दोघंही गप्प.
तिला कुठलाच आकडा चालत नाही.
चाक आणि मडगार्डच्या मध्ये
ती घर बांधून राहते.)

मागच्या दिवाळीत त्याच्या गुडघ्यात वाटी बसवली.
गाडी वर्धमाननगरच्या एका पोराला गेली,
हातपंप भाच्याला.
गेज त्यानं रुमालात बांधून मला दिला.
"दुसरा असू दे जवळ," एवढंच.

आज टेकामच्या दुकानी, सहज,
एकाच टायरला दोन्ही गेज लावले.
त्याचा म्हणाला, तीस.
माझा म्हणाला, बत्तीस.
पुन्हा लावले. खाली सोडून लावले.
त्याचा अठरा, तेव्हा माझा वीस.

म्हणजे त्या दिवशी तो फुटला
आणि त्या दिवशी मी रुतलो,
तेव्हा दोघांच्या चाकांत
एकच हवा होती.

टेकामनं चहाचा ग्लास खाली ठेवला,
खिळ्यावरचा स्वतःचा गेज काढला,
फुंकर मारली, लावला.
"एकोणीस," तो म्हणाला,
आणि दहा रुपये घेतले.

बाभळीखाली पोचल्यावर मी हेमराजला फोन केला.
ऊन डोक्यावर, टोपी दातांत,
त्यामुळे शब्द नीट फुटेनात.
म्हटलं, अरे, गेज खोटा आहे.
पलीकडे मागाचा खटखटाट थांबला.
"कोणाचा?" त्यानं विचारलं.